मदत हवी आहे: कुत्रीच्या पिशवीत पू झालाय म्हणतात, ऑपरेशन रविवारपर्यंत थांबेल का?

तातडीचं आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. पाल्हाळ लागलाच तर सांभाळून घ्या.

आमची चिंगी गावठी, आठ वर्षांची, वजन 17 किलो. "एकदा तरी विऊ दे" म्हणत राहिलो. ना ती व्यायली, ना नसबंदी झाली. माउलींची पालखी फलटणला होती तेव्हा ती माजावर होती. गर्दी नको म्हणून माडीवर कोंडली होती, त्यामुळे पक्कं लक्षात आहे. त्याला सहा आठवडे होत आले.

गेले आठ-दहा दिवस पाणी फार पितेय. आधी वाटलं उकाड्याने असेल. पण लिटरभराचं पातेलं दिवसातून दोन-अडीचदा रिकामं होतंय, आणि कधी नव्हे ते तिने रात्री घरात मुतलं. भाकरी हुंगून सोडते, दूध तेवढं पिते. चार दिवसांपूर्वी शेपटीखाली चिकट, तांबूस-पिवळं काहीतरी दिसलं, घाण वासाचं. सासूबाई म्हणाल्या, बायकांचं अंगावरून जातं तसलंच, राहील आपोआप. आणि खरंच काल सकाळपासून ते बंद झालं. मला हायसं वाटलं. पण संध्याकाळी दोनदा उलटी झाली आणि आज ती जिना चढेना.

इथले डॉक्टर (गाई-म्हशीच जास्त बघतात, पण माणूस सरळ) म्हणाले, पिशवीत पू झालेला दिसतोय, सोनोग्राफी करा आणि पिशवी काढून टाका. अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलंय, ताप 103.4 वरून 102 वर आलाय.

नवरा पुण्याला असतो, पुनवेला म्हणजे रविवारी राखीला येईल. आज बुधवार. चार दिवस गोळ्यांवर काढले तर चालेल का? औषधांवर कोणाची कुत्री बरी झालीय का? या वयात तिला भूल सोसेल? घरात एकच पालुपद चाललंय, मुक्या जनावराचं पोट कशाला फाडता. एका खासगी दवाखान्याने फोनवर अठरा हजार सांगितले, तोही विचार आहेच.

प्रतिसाद:
ताप उतरतोय ना, मग घाई कशाला? आमच्या लॅब्रेडॉर कुत्रीला असंच झालं होतं, हळद घातलेलं दूध दिलं, आठवड्यात ठणठणीत. डॉक्टर लोक लगेच कापायलाच बघतात.

प्रतिसाद:
मी पशुवैद्य आहे. चिंगीला पाहिलेलं नाही, तेव्हा हे तपासणीच्या जागी धरू नका. पण रविवार विसरा.

तुम्हाला ज्याने हायसं वाटलं, त्याचीच मला भीती वाटते. स्राव थांबला आणि कुत्री उलट जास्त आजारी झाली, याचा अर्थ बहुतेक वेळा गर्भाशयाचं तोंड मिटलंय आणि पू आतच साठतोय. तोंड उघडं असतं तेव्हा निदान निचरा तरी होतो. मिटलं की पिशवी फुगत जाते, विष रक्तात उतरतं, कधी पिशवी फुटते.

माजानंतर साधारण दोन महिने, गाभण असो वा नसो, कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) चढलेलं असतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आकुंचन मंदावतं, प्रतिकार कमी पडतो. खालून शिरलेल्या जंतूंना, बहुतेकदा ई. कोलायला, आयतं घर मिळतं. म्हणून तुमचे सहा आठवडे अगदी जुळतात. तहानही त्यातलीच: जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर पाणी म्हणजे काहीतरी बिघडलंय. तिच्या बाबतीत ते 1.7 लिटर होतं, तुम्ही दोन-अडीच सांगताय. (माज थांबवायची इंजेक्शनं कधी दिली होती का? त्यांनीही हा धोका वाढतो.)

अँटिबायोटिकने ताप उतरतो, पिशवी रिकामी होत नाही. पिशवी न काढता करायचे उपचार आहेत, पण ते तरुण, पिल्लं घ्यायची असलेल्या, तोंड उघडं असलेल्या कुत्रीसाठी. त्यातही पुढच्या माजांनंतर दुखणं परत येऊ शकतं.

भुलीचा धोका आहेच. रक्ततपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं त्यावरून), काही तास सलाईन, मग भूल, असं केलं की तो कमी होतो. वाट बघून मात्र वाढतच जातो. अंगावरची मऊ चरबीची गाठ, जुनं लंगडणं यांना सवडीने तारीख घेता येते. चिंगीचं हे त्यातलं नाही. बोका मुतायला बसतो आणि थेंब येत नाही, मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट फुगून कोरड्या उलट्या येतात, कुत्री कळा देतेय पण पिल्लू येत नाही, हीसुद्धा त्याच दिवशी, त्याच तासाला पळायची दुखणी.

पोट दाबून बघू नका. माणसांची तापाची-दुखण्याची गोळी अजिबात नको. निघताना खायला घालू नका. खर्चाचं म्हणाल तर लोणंदमार्गे शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, आधी फोन करून जा. हळद-दुधाबद्दल काही लिहीत नाही.

धागाकर्ती (शनिवार):
उशिरा लिहितेय, माफ करा. वरचं वाचून तासाभरात गाडी केली. नवरा पुण्याहून थेट शिरवळला आला, आमच्या आधीच पोचला होता. सोनोग्राफीत पिशवीची दोन्ही शिंगं (म्हणजे तिचे दोन फाटे) फुगलेली दिसली, तोंड मिटलेलं. रक्तात पांढऱ्या पेशी 41 हजार, म्हणजे फारच वाढलेल्या. रात्रभर सलाईन, गुरुवारी सकाळी ऑपरेशन. काढलेली पिशवी ट्रेमध्ये दाखवली, सव्वा किलो भरली. एवढं पोटात घेऊन ही बुधवारी सकाळी शेपटी हलवत होती.

आणि हो, दोन वर्षांपूर्वी माज थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं. घरात मीच आणवलं होतं.

आज ती मऊ भात खातेय, सासूबाईंच्या हातून, आमच्या नाही. आता नवीन अडचण: गळ्यातला प्लास्टिकचा कर्णा दाराला आपटतो आणि ती तिथेच खांबासारखी उभी राहते. टाके दहा-बारा दिवसांनी काढायचेत. कर्ण्याऐवजी जुना बनियन घातला तर चालेल का?

प्रतिसाद (वरचाच पशुवैद्य):
चालेल, टाके पूर्ण झाकले जात असतील आणि ती बनियन चावत नसेल तर. मुतताना मागून वर बांधा, ओला झाला की लगेच बदला. एकटी असेल तेव्हा आणि रात्री कर्णाच.