एशियाडची नाणी: भाच्याला काय घेऊ?

नवीपेठकर: भाचा सातवीत आहे, धावण्याचं भारी वेड. आमच्या अण्णांच्या (गिरणीत होते) डब्यात त्याला १९८२ च्या एशियाडचं २५ पैशांचं नाणं सापडलं. तेव्हापासून एकच धोशा, खेळांची नाणी जमवायची. बजेट दीड हजार. गड्ड्यात (आमच्या सोलापूरच्या जत्रेत) एकजण त्याच एशियाडचं शंभराचं नाणं 'शुद्ध चांदीचं' म्हणून दोन हजाराला देतोय. ओढाताण करून घेऊ का?

जुना_गल्ला: अजिबात नको. खऱ्या नाण्यातही चांदी निम्मीच असते, बाकी तांबं, निकेल, जस्त. वजन ३५ ग्रॅम. 'शुद्ध' म्हणाला तिथेच समजा. तरी मन मानत नसेल तर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून बघा, तो विकणारा काट्याला तयार होतो का तेही कळेल.

त्यापेक्षा त्याच वर्षीचं दोन रुपयांचं घ्या. आपल्याकडे दोनचं नाणं चलनात आलं तेच १९८२ मध्ये, त्यात हे एक. तांबं-निकेलचं, आठ ग्रॅम. वापरलेलं स्वस्तात मिळतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेची दोन आणि पाचची नाणी तर किराणावाल्याच्या गल्ल्यात शोधा, दर्शनी किमतीत काम. सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकाता. पोराला हा खेळ फार आवडेल बघा.

हुतात्मा_एक्स्प्रेस: आणि नाणी घासू नका ओ! मी कॉलेजात असताना चिंच लावून दोन रुपयांचं एक नाणं लख्ख केलं होतं. विकायला गेलो तर नाणेवाल्याने भिंगातून बारीक चरे दाखवले आणि परत हातात ठेवलं.

लंडन २०१२ च्या ऑलिंपिकची ५० पेन्सची २९ नाणी आहेत, प्रत्येकावर वेगळा खेळ. फुटबॉलच्या नाण्यावर चक्क ऑफसाइडचा नियम आकृती काढून समजावलाय. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर एकदोन सुटी आणायला सांगा.

जुना_गल्ला: हो, आणि 'जुनं नाणं लाखाला घेतो, आधी फी भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलंय.

नवीपेठकर: गड्डा रद्द. दोनचं शोधते. पण चिंचेचं वाचून पोटात गोळा आला, ते २५ पैसे आईने कालच घासून चकचकीत केलेत. म्हणते, आत्ता कुठं नाणं दिसायला लागलं.