मदत हवी आहे: बाथरूममधले पांढरे डाग व्हिनेगरने जात नाहीत, ऍसिड टाकू का?

मृण्मयी_७
बोअरच्या पाण्याने फरशी, टाइल्स, नळ सगळं पांढरं झालंय. व्हिनेगर ओतलं, वरून खायचा सोडा टाकून घासलं, काहीच फरक नाही. रविवारी सत्यनारायण आहे, पाहुणे येतील. दुकानात बाटलीत ऍसिड मिळतं ते डायरेक्ट टाकलं तर चालेल का? प्लीज लवकर सांगा.

देशपांडे_काका
बिनधास्त टाका. आम्ही संडासाला वर्षानुवर्षं तेच वापरतो, पाच मिनिटांत चकाचक.

क्षार_मास्तर
काका, संडासाचं भांडं चिनी मातीचं, त्याला काही होत नाही. ताई, फरशी कसली आहे? आणि सोडा नि व्हिनेगर एकत्र नका वापरू, फेस येतो नुसता, दोघांचाही जोर जातो.

अनु_नाशिक
पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर बसवून घ्या, कटकटच संपेल. आमच्या केसांनाही फरक पडला.

मृण्मयी_७
सॉफ्टनर रविवारपर्यंत कोण बसवणार? भिंतीला टाइल्स, खाली शहाबादी. कालच मावशींनी ब्लीचिंग पावडर टाकलीय, अजून वास येतोय.

क्षार_मास्तर
थांबा! त्यावर ऍसिड पडलं तर क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल. व्हिनेगरसुद्धा नको. खिडकी उघडा, भरपूर पाण्याने धुवून काढा, आज दुसरं काही टाकू नका. आणि शहाबादी म्हणजे चुनखडीच, तुमच्या डागांसारखा कॅल्शियम कार्बोनेट, ऍसिड डागाबरोबर फरशीही खातं. कडप्पा, मार्बलचंही तेच. खाली साबण आणि ब्रश एवढंच.

देशपांडे_काका
एवढं घाबरवू नका हो. पातळ करून, हातमोजे घालून टाकलं तर काय होतं?

क्षार_मास्तर
पातळ केलं तरी शहाबादी खरवडतेच, आणि त्याच्या वाफेने नळाचं क्रोम काळं पडतं. संडासापुरतं वापरा, पण करायचंच तर पाण्यात ऍसिड घाला, ऍसिडमध्ये पाणी कधीच नाही, उसळून अंगावर येतं. चष्मा पण लावा.

सुगरण_मी
लोणच्याचं व्हिनेगर आणि हे एकच का? माझं कांद्याचं लोणचं मऊ पडतंय.

मृण्मयी_७
अहो लोणचं नंतर! मग नळांचं काय करू?

क्षार_मास्तर
उद्या सगळं कोरडं झाल्यावर, वास पूर्ण गेला असेल तरच, साधं व्हिनेगर कपड्यात भिजवून नळाला गुंडाळा. ओतलं की वाहून जातं, कपड्यात असलं की थराला लागून राहतं. खाली बादली ठेवा, फरशीवर थेंब नको. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासून लगेच धुवा, जास्त वेळ ठेवलं तर क्रोम खराब होतं. थर जाड असेल तर परत तेच.

मृण्मयी_७
बरं. खिडकी उघडलीय, पंखा लावलाय. शॉवरची जाळी पण अशीच करू का?

क्षार_मास्तर
हो, काढून वाटीत बुडवा.