चारही सिलिंडरांत सारखाच कमी दाब
होंडाच्या बी18सी इंजिनात नवे पिस्टन, नव्या रिंगा आणि जास्त ड्युरेशनचे (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारे) कॅमशाफ्ट बसवल्यावर चारही सिलिंडरांत स्टार्टरवर मोजलेला कॉम्प्रेशनचा दाब 120 पीएसआयच्या आसपासच आला, म्हणून आपण इंजिन पुन्हा उघडण्याचे ठरवले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की एवढ्यात हेड (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवू नये. एखादी रिंग किंवा व्हॉल्व्ह बिघडला तर सहसा एखाददुसरा सिलिंडर मागे पडतो, सगळेच सारखे कमी असतील तर कारण बहुधा सामाईक असते. अशा कॅममुळे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि स्टार्टरच्या मंद गतीवर वर येणारा पिस्टन काही हवा मागे ढकलतो, त्यामुळे निर्दोष इंजिनही कमी आकडा दाखवते. टायमिंग बेल्ट एक दात चुकला तरी परिणाम तसाच दिसू शकतो. म्हणून आधी बेल्टच्या टायमिंगच्या खुणा जुळवून पाहाव्यात, टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) तपासावे आणि मग इंधन व इग्निशन बंद करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चाचणी पुन्हा घ्यावी, कारण थ्रॉटल मिटलेला राहिला तर आकडा हमखास खोटा येतो. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडल्यावर दाब बराच वाढला, तर रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी अजून नीट बसलेल्या नाहीत असे समजावे. तरीही शंका उरली तर लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती शोधताना, हवेचा आवाज ऐकावा: तेलाच्या झाकणातून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.