अनुभव धागा: हाती घेतलेले, अपुरे राहिलेले लेखन

गावात राहून लिहिणाऱ्या बहुतेकांच्या कपाटात एखादे तरी अपुरे हस्तलिखित असते. छापून आलेल्या पुस्तकाबद्दल सगळेच बोलतात, पण हाती असलेल्या कामाबद्दल लेखक ते पुरे होईपर्यंत मौन पाळतात. विदर्भातील खेड्यांत हे मौन फार महाग पडते, कारण आपल्या लेखनाचा मोठा ऐवज अजून कागदावर आलेला नाही. तो ऐंशीच्या घरातील माणसांच्या तोंडी आहे. म्हणून सध्या काय लिहीत आहात, ते कुठे अडले आहे आणि अलीकडच्या वाचनाने त्याला कोणती दिशा दिली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षक, गोंदिया जिल्हा

मी आमच्या भागातील मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, लिहीत आहे. मालगुजार म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनदार. पूर्व विदर्भातील यांपैकी पुष्कळ तलाव कोहळी समाजाने बांधले आणि धानाची शेती त्यांच्या भरवशावर उभी राहिली. मालगुजारी संपली तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. तेथील 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. इथपर्यंतचे प्रकरण लिहून झाले आहे, कारण त्याला कागदांचा आधार आहे. काम अडले ते पाणीवाटपाच्या प्रकरणावर. आमच्या गावच्या तलावाला दगडी तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची रचना, आहे. त्याला एकाखाली एक भोके असून वरचे बूच आधी काढायचे आणि पाणी उतरले की खालचे, हा क्रम सर्वांना मान्य आहे. मात्र कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी आधी जाई, यावर दोन वृद्धांचे सांगणे पूर्णपणे वेगळे आहे. एक म्हणतात की मालगुजाराचा शब्द अखेरचा असे. दुसरे म्हणतात की शेवटच्या बांधीपासून पाणी देत वर यायचे, असे गावानेच ठरवले होते आणि मालगुजारही त्यात हात घालत नसे. यांतले खरे कोणते, हे ठरवण्याच्या नादात प्रकरण तसेच राहिले.

या हिवाळ्यात लीळाचरित्र पुन्हा वाचायला घेतले आणि या वेळी लक्ष म्हाइंभटांच्या पद्धतीकडे गेले. चक्रधरांच्या आठवणी त्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, हे काम विदर्भातल्याच रिद्धपुरात आकाराला आले, आणि पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. त्या परंपरेने एकाच प्रसंगाची निरनिराळी स्मरणे पुसून न टाकता जपली. सातशे वर्षांपूर्वी ज्यांना हे साधले, त्यांच्याच मुलुखात बसून मी दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला गप्प का करावे? आता दोन्ही निवेदने शेजारी शेजारी ठेवून प्रकरण नव्याने लिहीत आहे. निवाडा वाचकाने करावा.

अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

माझी कादंबरी कापूस वेचणाऱ्या बाईची आहे. आमच्या जिल्ह्यावर लिहिले जाते ते बहुधा नवऱ्याच्या आत्महत्येपासून सुरू होते, आणि त्या बाईचे त्याआधीचे सारे आयुष्य जणू प्रस्तावनेत ढकलले जाते, याची मला मनापासून चीड आहे. उद्धव शेळके यांची 1960 ची ‘धग’ अलीकडेच वाचली. तिची नायिका कौतिक हिची फरफट लेखकाने कुठेही घाई न करता, घरातल्या रोजच्या कामांतून दाखवली आहे. ते वाचून माझी पहिली प्रकरणे मी बाजूला ठेवली. आता आरंभ वेचणीच्या वहीपासून होतो. संध्याकाळी ओटीतला कापूस काट्यावर जातो, मालकीण नावापुढे किलो मांडते आणि वेचणारी बाई लिहिता येत नसले तरी आपला आकडा दुरूनही ओळखते. त्या एका पानात कोण आजारी होते, कोणाचे तान्हे मूल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झोपले होते आणि कोणाची मजुरी आधीच उचल म्हणून संपली होती, हे सगळे आहे. शेवट काय होईल ते मला अजून ठाऊक नाही, पण मरणाने शेवट करायचा नाही, एवढे नक्की आहे.

झाडीपट्टीचा नाटककार, गडचिरोली जिल्हा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, नाटक पुरे होण्याची वाट पाहता येत नाही. धान कापून झाले की दिवाळीपासून हंगाम लागतो, वडसा गावच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा ठरतात, आणि मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. माझा तिसरा अंक त्यामुळे दर हंगामात बदलतो. सध्या विचार असा आहे की दंडार या आमच्या लोकनाट्यातला नाच आणि गाणे मध्यंतराची भर म्हणून न घेता कथेच्या आतच आणावे. मंडळीला हे पटवणे कठीण आहे, कारण प्रेक्षक ठरलेल्या जागी ठरलेले गाणे मागतो. तरीही येत्या हंगामापर्यंत एक प्रवेश तसा उभा करणार आहे.

ग्रंथपाल, वर्धा जिल्हा

माझे काम पुलगाव-आर्वी या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेवरचे होते. ते मी यापुढे लिहिणार नाही. जमवलेल्या मुलाखती गावातल्या एका पदवीधर मुलीकडे सोपवल्या आहेत, कारण तिचे आजोबा त्याच मार्गावर गँगमन होते आणि मला न सांगितलेल्या गोष्टी ते तिला सांगतात. गोंदियाच्या गुरुजींना एक विचारायचे आहे: आपल्या गावचे जुने निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांची नोंद, तलाठ्याकडे किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात पाहिले आहे का? तलावाच्या पाण्यावर गावाचा कोणता हक्क नोंदला गेला, ते त्यात सापडण्याची शक्यता आहे. आमच्या वाचनालयाकडून नक्कल मिळवण्यासाठी अर्ज करायचा असेल, तर मी तो आनंदाने लिहून देईन.