खिळा घुसला म्हणून चांगला टायर फेकायचा का?

पारोळेकर
माझं पारोळा-धुळे रोजचं जाणं-येणं, तेही हायवेनेच. गाडी १५० सीसीची, मागचा टायर ट्यूबलेस. फागण्याच्या पुढे त्यात खिळा घुसला. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने टोचा फिरवला, रबरी स्ट्रिप घातली आणि हवा भरून दिली. धुळ्यात टायरच्या दुकानात दाखवला तर ते म्हणाले, ट्यूबलेसला भोक पडलं की टायर गेला, नवाच टाका. टायरची नक्षी अजून निम्म्याच्या वर शिल्लक आहे. भोक बरोबर मधोमध आहे, बाजूला नाही. हवा कमी झाल्याचं लगेच कळलं, म्हणून तशीच गाडी ओढली नाही.

माझं मत स्पष्ट आहे: असा टायर फेकणं चूक. भोक कुठे आहे, केवढं आहे आणि बिनहवेची गाडी किती चालली, हे बघून ठरवायला हवं. दुकानदाराने टायरला हातही न लावता ‘बदला’ म्हणावं आणि आपण खिशात हात घालावा, हे मला पटत नाही. महिन्याचा पेट्रोलचा खर्च त्या एका टायरमध्ये जातो. तुम्ही काय कराल?

भुसावळकर
भाऊ, तुमच्या खिशाची काळजी समजते, पण मी बदलला असता. चारचाकीचा एक टायर बसला तर तीन शिल्लक असतात. आपल्याकडे दोनच चाकं. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मागून केळीचा ट्रक येत असताना मागचं चाक डगमगायला लागलं तर सावरायला जागा कुठे आहे? त्यात आपला मे महिना. डांबर तापतं, टायरमधली हवा तापते, दाब वाढतो. बाहेरून कोंबलेली स्ट्रिप त्या वेळी किती पकड धरेल याची खात्री कोण देणार? स्ट्रिप घरी पोचण्यापुरती. ती घालून वर्षभर फिरणाऱ्यांना बघून माझा जीव वरखाली होतो.

पारोळेकर
स्ट्रिपबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. तीच कायमची दुरुस्ती, असं मी कुठे म्हटलं? पण दुरुस्ती म्हणजे फक्त स्ट्रिप नव्हे. टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावतात. त्याचा दांडा भोकात बसतो आणि टोपी आतल्या बाजूला चिकटते. आतली हवा त्या टोपीला बाहेरच्या दिशेने दाबत राहते, त्यामुळे ती जागेवर बसते. होंडाच्या मोठ्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दुरुस्त केलेल्या टायरवर पहिले २४ तास ८० किमीच्या वर आणि नंतर कधीही १३० किमीच्या वर जाऊ नका, असं लिहिलेलं असतं. म्हणजे दुरुस्ती करून चालवणं कंपनीलाही मान्य आहे, मर्यादा पाळून. आपण १३० ला कुठे जातो?

चोपड्याचा दुकानदार
माझं पंक्चरचंच काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पारोळेकर भाऊ, तुमचं बरोबर शे, पण टायर उतरवून आत बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. बाहेरून टायर कोरा करकरीत दिसतो. उतरवून आतून बोट फिरवलं की बोटाला काळी भुकटी लागते, कधी कधी रबराच्या बारीक गोळ्या खाली पडतात. गिऱ्हाईक सांगतं, ‘लगेच थांबलो’, पण ती भुकटी सांगते की बिनहवेची गाडी बरीच ओढली आहे. बाजूची भिंत रिम आणि रस्त्याच्या मध्ये चेपून चेपून आतून झिजलेली असते, धागे दिसायला लागलेले असतात. तो टायर मी पंक्चर काढून परत देत नाही. भोक मोहरीएवढं असलं तरी नाही. आत कोरडं, गुळगुळीत निघालं, भोक मधल्या पट्ट्यात आणि सहा मिलिमीटरच्या आत असलं, तर खुशाल दुरुस्त करा.

बाजूच्या भिंतीला भोक असलं तर विषयच संपला. गाडी चालताना ती भिंत सारखी वाकते आणि सरळ होते, तिथे कुठलाच पॅच टिकत नाही. मोटारसायकल वळणावर कलते तेव्हा कडेचा भागही रस्त्याला लागतो, म्हणून कडेच्या भोकालाही मी नकोच म्हणतो.

आणखी एक. स्ट्रिप घालताना पोरं टोचा जोरजोरात फिरवून भोक मोठं करतात. आतले धागे त्यात तुटतात. खिळ्याने केलं नसेल तेवढं नुकसान टोच्याने होतं. खिळा गेला त्याच तिरक्या दिशेने टोचा घालायला सांगा.

रावेरची शेती
तुम्ही सगळे हायवेवाले. आमच्याकडे बांधावरून, नाल्यातून जावं लागतं. काटेरी बाभूळ सगळीकडे माजली आहे आणि तिचा काटा बुटाच्या तळव्यातून आरपार जातो. माझ्या मागच्या टायरला किती स्ट्रिपा आहेत ते मोजलेलं नाही. बैलाच्या पायात काटा मोडला म्हणून कोणी बैल विकत नाही. केळीला भाव नसेल त्या वर्षी काट्यापायी नवा टायर आणायचा कुठून? शेतात गाडी २०-२५ च्या वर जात नाही. माझ्यासाठी स्ट्रिपच बरोबर आहे, यात मला काही गैर वाटत नाही.

भुसावळकर
दादा, शेतापुरतं मान्य. पण तीच गाडी घेऊन तुम्ही आठवड्याच्या बाजाराला सावद्याला जाता ना? मागे वहिनी, पुढे पोरगं? तेव्हा टायरला कसं कळणार की आज शेत नाही, रस्ता आहे?

रावेरची शेती
जातो. हे मात्र खरं आहे. काय करायचं ते सांगा, नुसतं घाबरवू नका.

चोपड्याचा दुकानदार
दादा, दोन भोकं जवळजवळ असतील, एकाचा पॅच दुसऱ्यावर चढत असेल, तर तो टायर रस्त्यावर नेऊ नका. लांब लांब असतील तर उतरवून आतून पॅच मारून घ्या. आणि काटा काढताना टोक आत मोडलेलं राहतं, ते आतून हात फिरवून, जपून शोधावं लागतं. लोक ते करत नाहीत आणि आठ दिवसांत त्याच जागी परत हवा जाते. मग म्हणतात पॅच खराब होता.

शहाद्याची शिक्षिका
माझा मुद्दा वेगळा आहे. माझी शाळा धडगावच्या बाजूला, वाटेत चांदसैलीचा घाट. तुम्ही आतून पॅच, मशरूम म्हणता, ते करणारा माणूस मला शहाद्याला भेटतो. घाटात कोणीच भेटत नाही. टायर दुरुस्त होण्यासारखा आहे का, हा प्रश्न माझ्यासाठी दुसरा. पहिला प्रश्न, तो परत बसला तर मी कुठे अडकेन. बाई एकटी, मोबाइलला रेंज नाही, संध्याकाळ होत आलेली. म्हणून माझी गाडी पंक्चर झाली आणि टायरची नक्षी निम्म्याच्या खाली आली असेल तर मी बदलते. झिजलेल्या टायरमध्ये काटा लवकर शिरतो, हा अनुभव आहे. पारोळेकर दादा, तुमच्या हायवेवर दर दोन-तीन किलोमीटरला दुकान आहे. तुमचा हिशोब आम्हाला लावू नका.

बाकी, ट्यूबलेसमध्येच ट्यूब टाकून घ्या, असं मला तिघाचौघांनी सुचवलं आहे. ते चालतं का?

चोपड्याचा दुकानदार
ताई, टाकता येते, पण मी टाकून देत नाही. ट्यूबलेसची आतली बाजू ट्यूबसाठी केलेली नसते, ट्यूब घासते आणि तापते. वर ट्यूबलेसचा मोठा फायदाच जातो. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, तुम्हाला थांबायला वेळ मिळतो. ट्यूब फाटली तर हवा एकदम जाते. घाटात उतरताना हा फरक फार मोठा आहे. तुमच्यासाठी सांगतो, स्ट्रिपचा किट आणि पायाने मारायचा छोटा पंप डिकीत ठेवा. वापरायचं कसं ते दुकानावर एकदा हाताने करून बघा.

पारोळेकर
ताईंचा मुद्दा मला मान्य आहे, मी तसा विचार केला नव्हता. घाटाचं गणित वेगळं. पण धुळ्याच्या दुकानदाराने मला हे काहीच विचारलं नाही, गाडी कुठे चालवता एवढंसुद्धा नाही. माझा राग त्यावर आहे. उद्या टायर उतरवून आतून बघून घेतो. कोरडा निघाला तर पॅच.

भुसावळकर
मागच्या टायरला, मधोमध, आतून पॅच, इतकं मी मानतो. पुढच्या टायरला मात्र माझं मत तेच आहे. पुढचं चाक एकदम बसलं तर हँडलच हातात राहत नाही. पुढे भोक पडलं की मी नवाच टाकणार.

पारोळेकर
पुढच्याला नियम वेगळा का? भोक मधोमध असेल, आत कोरडं असेल तर तोच पॅच तिथेही तसाच धरतो. हे मला अजून पटलेलं नाही.

चोपड्याचा दुकानदार
पुढच्याला मीही हात आखडतो, भाऊ. पॅच धरतो, पण चुकीला जागा नाही. ज्यांना बदलायचाच आहे त्यांनी दुकानात टायरच्या बाजूला चार आकडे वाचून घ्या. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. ‘नवा’ म्हणून वर्षानुवर्षं गोदामात पडलेला माल गळ्यात मारतात, आणि तुम्ही चांगला टायर काढून तो बसवून येता.