भाडं पाहण्याआधी करार पाहा
कॉलेजात शिकताना वसतिगृहात राहावं की बाहेर भाड्याने खोली घ्यावी, असा प्रश्न आला की बाहेरची खोली स्वस्त पडते असं बरेच जण म्हणतात, पण ही तुलना बहुतेक वेळा अर्धवट असते. वसतिगृहाच्या शुल्कात वीज, पाणी, इंटरनेट सहसा धरलेलं असतं. बाहेर ते वेगळं, वर अनामत आणि रोजचा प्रवास. शिवाय शैक्षणिक वर्ष नऊ-दहा महिन्यांचं आणि करार बाराचा असेल, तर सुट्टीत बंद खोलीचंही भाडं भरत बसावं लागतं. उलट काही वसतिगृहं सुट्टीत खोली रिकामी करायला लावतात, तेही आधीच विचारून घ्या.

सगळ्यात जपायचं ते संयुक्त करारात. चौघांनी एकाच करारावर सह्या केल्या आणि एकजण मध्येच निघून गेला, तर त्याचा वाटा बहुधा उरलेल्या तिघांच्या गळ्यात पडतो. मैत्री कितीही घट्ट असो, शक्यतो प्रत्येकाचा स्वतंत्र करार मागा.

माझं विचाराल तर पहिलं वर्ष कॉलेजच्या आवारात, वसतिगृहातच काढा. शहर नवं, माणसं नवी, त्यात घरमालकाशी हुज्जत कशाला? स्वयंपाकाची हौस असेल तर मात्र वसतिगृहाचं स्वयंपाकघर आधी बघून या. कधीकधी तिथे नुसता मायक्रोवेव्ह असतो!