नरिमन हाऊसच्या भिंतींवरची भोकं बुजवावीत का?

कॉजवेकर (धागाकर्ता):
जन्म कुलाब्यातला. २००८ च्या २६/११ हल्ल्यावेळी हेलिकॉप्टरमधून कमांडो दोराने नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरले, ते आम्ही खिडकीच्या फटीतून पाहिलं. आतल्या छबाड हाऊसमध्ये, म्हणजे ज्यूंच्या छबाड पंथाच्या केंद्रात, रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चौघे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची आया सँड्रा सॅम्युएल हिने उचलून बाहेर आणलं. २०१४ साली घर पुन्हा उघडलं, पण वरच्या मजल्यांवर गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात. ज्यू मंडळी जमतात, दिवे लावतात, प्रार्थना करतात. जरूर जमावं. पण भिंतींना आता प्लास्टर करा हो! तेरावं झाल्यावर आपण घर आवरतोच ना?

पेणकर_शालोम:
आम्हा ज्यूंमध्येही सात दिवस जमिनीवर बसून झाले की उठतात, कामाला लागतात. म्हणून भिंत पुसायची हे कुठून आलं? उद्या कोणी म्हणेल, असं काही झालंच नव्हतं. तेव्हा दाखवायला काय उरणार?

कॉजवेकर:
फोटो आहेत, खटल्याची कागदपत्रं आहेत. ती भोकं मेलेल्यांची नाहीत, मारणाऱ्यांची आहेत. त्यांची सही कशाला जपायची?

वांद्रे_पूर्व:
हे आवडलं, पण पटलं नाही. त्याच हल्ल्यातली भोकं लिओपोल्ड कॅफेतही ठेवलीत. लोक खाली बसून बिअर पितात आणि वर बोट दाखवून फोटो काढतात. तिथे मलाही प्लास्टर करावंसं वाटतं. नरिमन हाऊसमध्ये मात्र माणूस जिना चढून मुद्दाम जातो. फरक आहे की नाही?

पिट्सबर्गवासी:
इथलं, अमेरिकेतलं सांगतो. २७ ऑक्टोबर २०१८ ला, शनिवारी सकाळी, ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) ११ जणांना गोळ्या घालून मारलं. त्या इमारतीत तीन मंडळ्यांच्या प्रार्थना चालत. शेवटी २०२४ मध्ये तिचा बहुतेक भाग पाडला, नवी उभारायचं ठरलं. लोक दरवर्षी जमतात, नावं वाचली जातात. भिंत नसली म्हणून आठवण अडत नाही. माझं मत कॉजवेकरांच्या बाजूने.

पेणकर_शालोम:
तुमच्याकडे ज्यांची माणसं गेली, त्यांना विचारून ठरलं असेल ना? इथे आपण नेटवर बसून ठरवतोय!

तिथीवाला:
जरा अवांतर. ज्यू लोकांचं वर्षश्राद्ध हिब्रू पंचांगाने असतं, त्यामुळे २६/११ ची तारीख आणि त्यांची तिथी दरवर्षी जुळतेच असं नाही. शिवजयंतीच्या वादात मुरलेल्या आपल्या लोकांना हे लगेच कळावं.

पेणकर_शालोम:
बरोबर. त्या संध्याकाळी चोवीस तास चालेल असा दिवा लावतात आणि कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणतात. गंमत अशी की कद्दिशमध्ये मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती.

कॉजवेकर:
मग मीही तेच म्हणतोय! प्रार्थनेत मरण नाही, तर भिंतीवर कशाला?

पेणकर_शालोम:
सापडलो बुवा. पण मत बदलणार नाही.

वांद्रे_पूर्व:
गच्चीवर २६/११ च्या सगळ्या बळींची नावं कोरलीत, हे कोणी बोललंच नाही. सहा ज्यूंच्या घरावर स्टेशनात मेलेल्यांचीही नावं. शेजारच्या इमारतीत गोळी लागून गेलेलेही होतेच. मला ती गच्ची खालच्या भोकांपेक्षा जास्त लागते.

कॉजवेकर:
गच्चीला माझा विरोध नाही. गच्चीखालच्या भिंतींबाबत ठाम आहे.

पेणकर_शालोम:
तुम्ही भिंतीवर भांडा. कद्दिशला दहा पुरुष लागतात. आमच्या कोकणातल्या सिनेगॉगमध्ये निम्मी आळी इस्राएलला गेलेली. मागच्या वर्षी वडिलांच्या दिवशी नऊ जमले. दहावा अलिबागहून एसटीने येत होता, गाडी वडखळला अडकली. तो येईपर्यंत वात दोनदा पुढे सरकवली.